दोन रंगीत टीव्ही आणि काकूची साडी

रंगीत टीव्ही पाहायले बायकोले सोबत नेऊ नका, आमच्या काकाजीचं काय झालं ते ऐका.

रंगीत टीव्ही तेव्हा नवेनवेच निघाले होते. आमच्या घरात महागाची वस्तू घ्यायची म्हणजे पारख काकाजीचीच, म्हणून मी त्यांना अन् काकूले घेऊन सीताबर्डीच्या बाजारात गेलो. दुकानदारानं दोन कंपन्यांचे सगळ्यात महागडे सेट शेजारीशेजारी लावले. दोन्हींत बातम्या देणारी तीच बाई. उजवीकडे तिची साडी लालभडक. डाव्या सेटमध्ये मात्र काहीतरी बिघाड होता, तीच साडी हिरवीगार! दुकानदार ओशाळून बटण पिळायले धावला.

काकाजीनं त्याले थांबवलं. चष्मा पुसून दोन्ही सेट निरखले. "काही फरक नाही गा. दोन्हींत साडी सारखीच हिरवी आहे. दोन्हींतला स्वस्त असंल तो दे."

मी म्हटलं, "काकाजी, उजवीकडची लाल आहे!"

"मस्करी करून राहिला का बे?"

काकूनं कपाळावर हात मारला.

"अरे देवा! वीस वर्षं हे मले म्हणून राहिले, हिरव्या साडीत तू लई शोभते. माझ्यापाशी एकही हिरवी साडी नाही. वीस वर्षं मी शोधून राहिली, ही हिरव्या साडीवाली आहे तरी कोण!"