पर्याय ड

प्रीती : एक मिनिट, मम्मी. आनंदा का?

माया : का म्हणजे? तोच सगळ्यांत हलका.

प्रीती : प्रश्न परत वाच. मोठ्याने.

माया : ‘पायलचे वजन राजूपेक्षा जास्त आहे. आनंदाचे वजन पायलपेक्षा कमी आहे. तर सर्वांत कमी वजन कोणाचे?’ आनंदाचं. दहा वेळा वाचलं तरी आनंदाचंच.

प्रीती : राजू आणि आनंदा, दोघंही पायलपेक्षा हलके. पण त्या दोघांत कोण हलका, हे कुठे दिलंय?

माया : दिलं नाही, पण दिसतं ना. आनंदाचं नाव शेवटी आलंय.

प्रीती : मग?

माया : मग काय, वजनाच्या दिवशी ये एकदा माझ्या अंगणवाडीत. ज्यांचं पोर भरलेलं असतं त्या आया पुढे, काट्याला चिकटून. ज्यांचं नाही भरलं त्या मागे मागे सरकतात. कुणाला पाणी प्यायचं असतं, कुणाचा फोन येतो. शेवटी उरतो तो आनंदा.

प्रीती : यार मम्मी! पेपर काढणाऱ्याने आयुष्यात अंगणवाडी बघितलेली नाहीये.

माया : ते कळतंच आहे. तीन पोरांची वजनं घेतली, आकडा एकाचाही लिहिला नाही. माझ्या हाताखाली असता तर मी त्याला चांगलं ऐकवलं असतं.

प्रीती : आधी हाताखाली कुणी येऊ दे. उत्तर आहे ड. ‘माहिती अपुरी आहे.’ कालच्या टेस्टमध्ये तुझे एकवीस चुकले. त्यातल्या नऊंचं उत्तर ड होतं. नऊच्या नऊ! तू एकदाही ड दाबला नाहीस. आणि गेल्या वेळी तुझं सुपरवायझर व्हायचं कितीने हुकलं?

माया : चार मार्कांनी. रोज सांगायला पाहिजे का?

प्रीती : सांगणार. उद्याची परीक्षा शेवटची आहे. पुढच्या वर्षी तू वयात बसत नाहीस.

माया : आता वय काढ आईचं. अगदी पप्पांवर गेलीस.

प्रीती : अगं, टेबलचे प्रश्न बघ, कसली भारी सोडवतेस! हे घे. एका अंगणवाडीत चाळीस मुलं, त्यात पंचेचाळीस टक्के मुली. दुसरीत साठ, त्यात पस्तीस टक्के मुली. दुसरीत मुली किती जास्त?

माया : तीन.

प्रीती : थांब, माझं अजून… अठरा… एकवीस… हो, तीन. बघ! मी दोन वर्षं बँकेच्या परीक्षा देतेय, मला कागद लागतो.

माया : क्लासवाल्यांनी सवय लावली तुला. मी अठरा वर्षं महिन्याचे अहवाल कुकरच्या शिट्ट्या मोजत भरलेत.

प्रीती : मग एवढ्या हुशार बाईला ड दाबायला काय होतं?

माया : हात जात नाही गं. रजिस्टरमध्ये रकाना रिकामा दिसला की मी पायांत चपला घालते आणि त्या घरी जाते. माहिती अपुरी आहे, तर जाऊन आण ना. कुणी अडवलंय?

प्रीती : उद्या अडवतील. मध्येच उठलीस तर हॉलच्या बाहेर काढतील.

माया : बरं, दे पुढचा.

प्रीती : ‘एका वाडीत मुलींपेक्षा मुलगे सहाने जास्त आहेत. त्यांपैकी दहा मुलग्यांना लस दिली आहे. तर वाडीत एकूण मुले किती?’ एक मिनिट आहे तुला.

माया : …नाही निघत यातून.

प्रीती : करेक्ट! दाब ड.

माया : लस देणाऱ्या नर्सकडे यादी असेल की.

प्रीती : मम्मी!

माया : दाबते, दाबते. ओरडू नकोस. (मोबाइलवर बोट ठेवते.) झालं. हिरवं आलं.

प्रीती : टाळ्या! आता उद्या असंच. कळलं ना?

माया : कळलं. पण या महिन्यात माझ्याही रजिस्टरला एक रकाना तसाच राहिलाय. विठाच्या मुलाचा.

प्रीती : कोण विठा?

माया : शिरगावची. बारवी धरणाकडे माहेरी गेलीय, तीन आठवडे झाले. पोर दीड वर्षाचं. गेल्या वेळी दोनशे ग्रॅमने उतरलं होतं. या वेळी वजनाला आलीच नाही.

प्रीती : गैरहजर लिही ना.

माया : तसं लिहिता येतं. आमच्या आताच्या मॅडम म्हणाल्या, लिहा आणि पाठवा. म्हणूनच तर मला ती खुर्ची पाहिजे, प्रीती. पंचवीस अंगणवाड्या असतात त्यांच्याकडे. पंचवीस ठिकाणी कुणीतरी असंच लिहून पाठवत असेल.

प्रीती : …उद्या दोन तास विठाला विसरशील?

माया : दोन तास ना? विसरते. पेपर बाराला सुटतो?

प्रीती : बाराला. अंबरनाथलाच आहे सेंटर. का?

माया : तिथून परस्पर धरणाकडे जाता येईल. टांगायचा वजनकाटा पिशवीत घेतला तर गेटवर ठेवून घेतील का गं?

प्रीती : कोण ठेवून घेणार? माझ्याकडे दे. तू आत जा, मी काटा घेऊन बाहेर थांबते.