वर पाहायचं काम सोडलं

नाही नाही, मामाजी, दार जोरात ओढा, हळू ओढलं तं लागत नाही ते — हां, असं. बसा आता आरामात. बाहेर ऊन पाहा कसं आहे, अन् ही बीरगांवची काळी धूळ — अन् तुम्ही पांढरा शर्ट घालून आले! ट्रकवाल्याले भेटाले कोणी पांढरा शर्ट घालते का? असू द्या, आता झाला तो करडा. कारखान्याच्या गेटपर्यंत किती गाड्या उभ्या आहे पाहा, साऱ्याईले लोखंडी सरियाच भरायचा आहे, माह्या नंबर लागेस्तोवर मी तुमचाच. तं काय म्हणत होते तुम्ही? पोट्टा चांगला, घर चांगलं, पण ट्रक नको. हव, ऐकलं मी. इंद्रजीतनं, म्हणजे मी, पुन्हा सिलिंगचं काम धरावं, अन् पुढच्या महिन्यात अनुश्रीच्या हाताले मेहंदी. नाही तं दुसरं स्थळ तयार आहे. बरोबर नं? एवढ्या उन्हात भाचीसाठी तात्यापाऱ्यातून इथंवर आले, बाप नाही पोरीले तं तुम्हीच बापाच्या जागी, मले समजत नाही का ते? समजते. म्हणून तं गाडीचा पंखा तुमच्याकडे फिरवला.

पण मामाजी, एक सांगा — तुम्ही कधी कोणाच्या घरचं सिलिंग पाहिलं का? म्हणजे पाहासाठी म्हणून पाहिलं? नाही पाहत कोणी. आजकाल रायपुरात दोन खोल्यांचं घर असलं तरी हॉलमधी सिलिंग पाहिजे — त्यात गोल, गोलात चौकोन, चौकोनात फूल, अन् फुलाच्या पोटात निळा लाईट. मालकीण मोबाईलवर फोटो दाखवते — भैया, ऐसा ही चाहिए. फोटो कोण्या राजवाड्याचा, अन् हिचा हॉल एवढा की आत घोडी उभी केली तं मिस्त्री बाहेर. घोडी म्हणजे आमची उभं राहायची लाकडी शिडी, मामाजी, खरी घोडी नाही. अन् एवढं करून वास्तुपूजेच्या दिवशी काय होते? पाव्हणे येते, पंडितजी येते, सारे ताटाकडे पाहून जेवते अन् जाते. मी बारा वर्षं वर पाहून काढली — डोळ्यात पीओपी, नाकात पीओपी, शिंकलो तं समोरच्या भिंतीले पुट्टी. देवळात गेलो तं देवाच्या आधी छत पाहायचो. आई म्हणे, अरे देव खाली आहे, बाप्पा! अन् हे पाहा इथं — मोठी काच, समोर रस्ता, धमतरीपर्यंत नाकाच्या रेषेत. कोणी मालकीण येऊन म्हणत नाही की भैया, रोड थोडा गोल कर दो, बीच में फूल डाल दो. लायसन तं बाबानंच हेवीचं काढून ठेवलं होतं जबरदस्तीनं, म्हणे कामी पडन. पडलं.

काय टोचून राहिलं पाठीले? थांबा, ते नका काढू — अरे काढलंच तुम्ही. द्या इकडे. ते सीटचं आहे. म्हणजे झोपाचं... उशी समजा. हव, गळ्याचीच उशी. हव, पट्टाही म्हणते त्याले कोणी कोणी. माहा नाही, मालकाचा आहे, रणजित भैयाचा, तेच कधी कधी गाडी घेऊन जाते नं. काहून हसता? तुम्ही ओळखता त्याईले? ओळखता. तं मंग त्याईची मान किती जाड आहे तेही पाहिलंच असन तुम्ही... ठेवा तिकडे मागं. ठेवा नं. अन् हा फोन वाजून राहिला, राहू द्या त्याले, पार्टी आहे. ‘तात्यापारा सिलिंग’ — वाचलं नं तुम्ही? जुनी पार्टी. काम सोडलं म्हणून सांगतलं तरी पिच्छा सोडत नाही. तुमच्याच पाऱ्यातली, मोहल्ल्यातली आहे, हव. नाव? नाव आता... मोठी पार्टी आहे.

बरं, त्या दिवसाचा राग आहे नं अजून तुमच्या मनात? हे ट्रकचं निमित्त आहे, मले माहीत आहे. आम्ही पोरगी पाहाले आलो, अन् मी सोफ्यावर बसून सारा वेळ तुमच्या छताकडे पाहत राहिलो. पोरीकडे एकदा पाहिलं नाही. तुम्ही नोकरी विचारली — मी छताकडे पाहून उत्तर दिलं. तुमची बहीण नमस्कार करून राहिली — मी पंख्याले हात जोडले. अन् वरून म्हटलं, सिलिंग कोणी केलं हो, जोड दिसून राहिले. आता मले काय माहीत तुम्ही स्वतः रजा टाकून उभं राहून ते करून घेतलं होतं! तुमचा आवाजच बदलला. आईनं सांभाळलं, म्हणे पोट्टा कामात बुडलेला असते आमचा. घमंडी वाटलो नं मी तुम्हाले? सांगा नं, वाटलो. मले ऐकू आलं होतं, जिन्यात तुम्ही कोणाले तरी म्हटलं — नवाबाची मान खाली येत नाही. खरं होतं ते, मामाजी. येतच नव्हती.

आता निघालंच तोंडातून तं ऐका. ऑटोतून उतरलो, तुमचं घर कोणतं म्हणून वरच्या गॅलरीकडे पाहिलं अन् मान अडकली. अशी अडकली, की खाली म्हणून येईना. आदल्या दिवशी सदर बाजारातल्या एका सोनाराच्या दुकानाचं सिलिंग संपवलं होतं, दिवसभर वर पाहून, आधीच दुखत होती. आई म्हणे, मुडद्या, खाली पाह, लोकं गॅलरीतून पाहून राहिले! आता कुठून पाहू? भिंत चाचपत जिना चढलो. म्हटलं दुखते म्हणून सांगावं, तं आईनं चिमटा काढला — पोरगी पाहाले आला अन् पाठीचं, मानेचं सांगतं? दुखणाईत समजतील. म्हणून बसलो छत पाहत. दुसरं दिसतच काय होतं मले? जोड दिसले, जोडावर बोललो. तुमच्या सिलिंगचे जोड तसे इतके काही वाईट नाही. थोडे आहे.

साऱ्याईले कपबशी दिली अनुश्रीनं त्या दिवशी, आठवते? अन् मले पेला. तुम्ही रागावले तिच्यावर, पाव्हण्याले पेल्यात चहा देते का म्हणून. पण कपबशी मी पकडली कशी असती, मामाजी? तिनं पेला माह्या हातात दिला, बोटं दाबून पाहिली की पकडला का बरोबर, अन् मंगच सोडला. एवढ्या लोकाईत तिलेच समजलं. मी तिचं तोंड पाहिलं नाही त्या दिवशी. हात तेवढा लागला.

अन् मंग चार दिवसांनी फोन — हॅलो नाही, नाव नाही, एकदम विचारते, मान उतरली का खाली? मी इतका हसलो की... वाजला पुन्हा. राहू द्या. राहू द्या म्हटलं नं, पार्टीच — काय झालं? असे काय पाहून राहिले फोनकडे? नावाच्या खाली नंबर येते, नाही? ते माह्या ध्यानातच नाही आलं. पाठ आहे तुम्हाले तो नंबर. असनच. भाचीचा आहे.

आता रागवा. मी काही म्हणत नाही. मानेचा पट्टा माहाच आहे. डॉक्टरनं सांगतलं, वर पाहायचं काम सोडा नाही तं हात सुन्न पडन एक दिवस, घोडीवर असताना पडला तं पाहा मंग. ट्रकही काही गादी नाही म्हणे, पण निदान समोर पाहायचं आहे. तरी मी चढतच होतो घोडीवर — तुम्हाले सिलिंगवाला जावई पाहिजे होता नं. तिनंच सोडवलं. म्हणे, तुम्ही पडल्यावर मी त्या फुलाच्या निळ्या लाईटले पाहत बसू का? ट्रक तिनंच म्हटला. घरी नका सांगू म्हटलं तेही तिनंच... नाही, ते मी म्हटलं. घाबरलो होतो. आई काल म्हणे, मामा आले तं हो म्हण, महिनाभर चढ घोडीवर, अक्षता पडल्या की उतर. नाही म्हणत मी हो. तुम्हाले फसवीन एखाद वेळ, सिलिंगवाल्याले फसवाले काय लागते, वरून पुट्टी मारली की झालं. पण तिले माहीत आहे साऱ्या भेगा. मले पोरगी आवडते, मामाजी. इतकंच आहे. दुसऱ्या स्थळाची मान सरळ असन तं तिकडे द्या, पण तिले विचारून द्या.

तिसऱ्यांदा वाजला. आता मी नाही उचलत. मागचा हॉर्न मारून राहिला, लाईन हलली, दोन्ही हात मले स्टेअरिंगवर पाहिजे. तुम्हीच उचला. उचला नं, तुमच्याच घरचा फोन आहे. काय म्हणायचं ते म्हणा तिले, हो म्हणा, नाही म्हणा — मी तुमच्याकडे वळून पाहू नाही शकत, त्याच्यासाठी अख्खं अंग फिरवावं लागते. मी आपला समोर पाहतो. बोला तुम्ही...

बोला नं, मामाजी. तिकडून ती काय विचारून राहिली, मले ऐकू येऊन राहिलं — मान कशी आहे म्हणून. सांगा तिले.