सदाच्या रिळाचा आवाज

जय भीम मंडळी. आमच्या वाडीवरनं आलेल्यांना राम राम.

माईक जरा खाली करा रे कोणीतरी. हां, पुरे.

मी किसन. मागं बसलेल्यांना ओळख नसेल तर सांगतो, मी एसटीत कंडक्टर होतो, मुरबाड-कल्याण गाडीवर. आख्खा जन्म गर्दीपुढं ओरडण्यात गेला माझा. पुढं सरका, दारात उभं राहू नका, आजी पिशवी मांडीवर घ्या. त्याच माणसाला आज तुमी हळू आवाजात चार शब्द बोलायला उभा केलाय. ज्याच्याशी बोलताना घसा ताणायची सवय लागली, तो समोर फोटोत बसलाय. सदा, आता तरी एका हाकेत ऐकशील का रे?

कांतावहिनी, सुजाता, तुमच्या दुःखापुढं माझं बोलणं ते काय. गेल्या आठवड्यात सदा जेवून उठला, हात धुतले, ओट्यावर भिंतीला टेकला, तो टेकलाच. डॉक्टर बोलले हृदय बंद पडलं. मला भाषण करायचं नव्हतं. पण सकाळी सुजाता बोलली, "काका, बाबांच्या फोटोशेजारी ते काय ठेवलंय म्हणून जो तो विचारतोय. तुमीच सांगा."

तर सांगतो. हे ते. बघा, एका हातानं उचलत नाय नीट. हे मासे धरायचं रीळ आहे. आपल्या नदीतले मळे नि शिंगट्या धरायचं नाय हां. समुद्रातला माणसाएवढा मासा ओढायचं रीळ. जुन्या काळातल्या कोणा साहेबाचं. आता तुमी विचाराल, मुरबाडात कुठं आलाय समुद्र? बरोबर आहे. मी पण हेच विचारलं होतं. नुसतं विचारलं नाय, दोन वर्षं चिडवलं त्याला.

पण आधी सदाच्या कानाचं सांगायला पाहिजे. त्याशिवाय हे समजायचं नाय.

सदा कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेसवर होता, हे तुमाला ठाऊक आहे. दिवसभर धडाड धडाड. माझ्याच गाडीनं जायचा. एकदा काय झालं, मी दोरी ओढून दोन घंट्या दिल्या, गाडी सुटली. सदा वर बघतोय. मला बोलला, "घंटी मोडलीय का रे? मंग डायवरला समजलं कसं?" मी हसलो. मला वाटलं मस्करी करतोय. तो मस्करी करत नव्हता.

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. सदाला नवल वाटलं! तीच तर त्याची तऱ्हा. रोज येऊन सांगायचा, आज काय ऐकू आलं नि काय नाय. "किसन, म्हशीचं रेकणं ऐकू येतंय, चिमणी नाय. जीपचं इंजिन येतं, कांताच्या बांगड्या नाय. असं का असेल रे?" मी बोललो, बांगड्या ऐकू येत नाय तर सुखी आहेस. वहिनी, माफ करा, तेव्हा बोललो होतो खरा.

कानाच्या डॉक्टरनं सांगितलं, बारीक आवाज आधी जातात, जाडे मागनं जातील. सगळे जातील, पण हळूहळू. सुजातानं कानात घालायचं मशीन आणून दिलं. दोन दिवस घातलं. बोलला, डोक्यात परत प्रेस चालू झालाय. तिसऱ्या दिवशी बघतो तर हा स्क्रू ड्रायव्हर घेऊन तेच उघडतोय. पोरीनं एवढ्या मायेनं आणलेलं! मी ओरडलो. हा बोलला, "बघू तर दे, आत काय आहे ते."

आता रिळाकडं येतो. म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेला मी म्हैस बघायला गेलो होतो. सदाला सोबत नेला. म्हैस मी घेतली, आमची चंद्री. नि सदा गायब! शोधतोय, शोधतोय. तर जुन्या लोखंडाचा ढीग मांडून बसलेल्या एका माणसाजवळ हा उकिडवा. हातात हे. तेव्हा याचा असा तोरा नव्हता हां. चिखलाचा गोळा नुसता. मूठ वाकडी, दांडा जाम. लोक जमले. कोण बोललं पतंगाची फिरकी आहे. कोण बोललं सिनेमाच्या मशीनचा भाग. एक म्हातारा तर शपथेवर सांगत होता की हे विहिरीवरचं आहे. विकणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं तो काय विकतोय! सदा खूश. त्याला ठाऊक नसलेली वस्तू गावली की त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं.

उत्तर दिलं जानकीबाईनं. त्या तिकडं बसल्यात बघा. समुद्राकडनं सुका मासा घेऊन बाजाराला येतात. सदानं ते पाटीशेजारी ठेवलं मात्र, त्या बोलल्या, "अरे, हे तर सायबाचं रीळ. आमचा सासरा अशा सायबासंगती होडीवर जायचा. मोठा मासा लागला नि दोरी घेऊन पळाला का हे वरडतं बग. कर्रर्र करून. आख्ख्या होडीला ऐकू जातं."

एवढं बोलल्या त्या. नि सदा त्यांच्याकडं बघतच राहिला. त्यांना ते दोनदा बोलायला लावलं. मंग माझ्याकडं वळला. बोलला, "आख्ख्या होडीला जातं, तर मला पण जाईल."

मंडळी, तेव्हापासून त्याला एकच ध्यास. कानाला बोट लावायचा, "हे बंद पडायच्या आत," नि रिळाला बोट लावायचा, "हे चालू झालं पाहिजे."

मी ओट्यावर बसून बघायचो. काय काय केलं त्यानं! स्क्रू गंजून बसलेले. दुसऱ्यानं छिन्नी घातली असती. सदा रॉकेलमध्ये भिजत ठेवायचा नि रोज एकदा हळूच विचारल्यासारखं फिरवून बघायचा. नाय फिरला तर बोलायचा, "राहू दे, उद्या विचारू." हिरवट चढलेल्या पितळेला वहिनींची चिंच. घरात आमटी बिनचिंचेची. या काळ्या तबकड्यांना मात्र गोडेतेलाशिवाय हात लावू द्यायचा नाय. आत ब्रेकच्या चामड्याच्या चकत्या होत्या, त्यांचा पापड झालेला. त्या जागी जुन्या स्कूटरची क्लच प्लेट कापून बसवली. दांडा आधी नुसता पितळेच्या भोकात घासत फिरायचा. तर शहापूरला लेथवाल्याकडं जाऊन दोन्ही बाजूला बेअरिंगची जागा करून आणली. मी बोललो, जुनं आहे ते जुन्यासारखं कर ना. बोलला, "ज्यानं बनवलं त्याच्याकडं बेअरिंग असतं तर त्यानं घातलं नसतं का?"

मला एक कोडं पडायचं. ह्याला ब्रेक कशाला? मासा धरायचाय तर घट्ट धरा की. सदानं मला समजावलं. "तुझ्या एसटीचा ब्रेक थांबवायला असतो. ह्याचा सोडायला आहे. मासा जोरात पळाला की दोरी सोडायची, पण फुकट नाय सोडायची. पळून पळून तोच दमला पाहिजे."

आणि आवाज? आवाजाची एक बारकी पत्ती असते आत. सदा तिला जीभ म्हणायचा. ती जीभच तुटलेली होती. ती त्यानं करवतीच्या पात्याची केली, नि तिचा ठोका सायकलच्या घंटीच्या वाटीवर पडेल अशी जोडणी केली. झालं सगळं तयार. आता मासा कुठला आणायचा?

हसताय ना? तुमच्यातले निम्मे तेव्हा हजर होता, म्हणून हसताय. मासा म्हणून माझी चंद्री!

दुपारी सोडली की चंद्री थेट तळ्याकडं पळते, हे आख्ख्या गावाला ठाऊक. सदानं रीळ बाजेला आवळून बांधलं. जानकीबाईंनी आणून दिलेली जाड नायलॉनची दोरी तिच्या दाव्याला बांधली. आमी दोघं बाजेवर बसलो, साहेब लोक होडीत बसतात तसे. नि चंद्रीला सोडली. ब्रेक आवळलेला तो सैल करायचाच राहिला! बाज उठली, आमी उठलो, नि म्हशीच्या मागनं वरात निघाली. कोंबड्या, कुत्री, पोरं सगळी पळतायत. वहिनी दारातनं ओरडतायत. सदाला काय, तो बाज धरून बोलतोय, "दोरी तुटली नाय बघ! गाठ पण सुटली नाय!" पुढं कुंपणाला बाज अडली म्हणून वाचलो.

मंग ब्रेक सैल केला. परत चंद्रीला सोडली. आणि काय वाजलं ते! किर्रर्र करून, कानठळ्या बसल्या. रीळ फिरतंय, दोरी सुटतेय, लोक टाळ्या वाजवतायत. मी सदाकडं बघितलं. सदा आमच्याकडं बघत होता. एकेकाच्या तोंडाकडं. नि बोलला, "ऐकू येतंय त्यानं हात वर करा."

सगळ्यांनी केले. पोरांनी दोन दोन केले. सदानं ते सगळे हात बघितले. आपले दोन्ही हात गुडघ्यावरच ठेवले. मंग बोलला, "म्हणजे वाजतं चांगलं." नि बाज उचलून आत नेली.

खरं सांगतो, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. मला वाटलं आता हे रीळ जाणार माळ्यावर.

दोन दिवसांनी मी चंद्रीला घेऊन त्याच्या दारावरनं चाललो होतो. सदा पाठमोरा बसलेला. मी हाक मारली नाय. मारून काय उपयोग? पण हा वळला! बोलला, "चंद्री आली का?" मी जागच्या जागी थांबलो. तुला रे कसं समजलं? तो उठला, चंद्रीपाशी आला. तिच्या गळ्यात लाकडी घंटा होती. जुनी, आमच्या आजानं कोरलेली. टोक टोक वाजणारी. त्यानं ती हातानं हलवली. थांबला. परत हलवली. बारीक आवाज गेले होते मंडळी, जाडा आवाज अजून बाकी होता! आणि त्या शहाण्यानं सायकलची घंटी लावली होती.

माझी म्हैस त्या दिवसापासनं बिनघंटीची फिरतेय. ही बघा, रिळाच्या अंगाला स्क्रूनं बसवलीय ती तिचीच घंटा. जीभ लांब केली, ठोका लाकडावर घेतला. त्या साहेबानं हे बघितलं असतं तर कपाळाला हात लावला असता.

पण सदाला खात्री पाहिजे होती. बोलला, "तुमी समोर असलात का तुमची तोंडं बघूनच मला समजतं. ते काय ऐकणं नव्हं. तू माझ्या पाठीमागं बस. कधी ओढणार ते सांगू नको." मी दोरी घेऊन बसलो. मुद्दाम ओढली नाय. बराच वेळ. तो नुसता बसलेला, मान ताठ. वहिनी दारात उभ्या, पदर तोंडाला. मंग मी एकदम ओढली. टोक टोक टोक टोक.

सदाचा हात वर गेला.

तो वळला पण नाय. हात तसाच वर ठेवून बोलला, "परत." मी परत ओढली. "परत." किती वेळ चाललं होतं आमचं, वहिनींनाच विचारा. भात गार झाला.

ह्या आवाजाचा खरा उपयोग वहिनींनी ओळखला, आमी दोघं बसलो होतो खेळत. दुसऱ्या दिवशी बघतो तर रीळ ओट्यावरच्या खांबाला, नि दोरी खिडकीतनं आत चुलीपाशी गेलेली! जेवण तयार झालं की वहिनींनी आतनं दोरी ओढायची. सदानं बाहेर हात वर करायचा. कान गेल्यापासनं त्या बिचाऱ्या बाहेर येऊन त्याच्या खांद्याला हात लावायच्या, तेव्हा तो उठायचा. आता घरातनं हाक मारता यायला लागली. साहेबाच्या रिळाला मासा कधी लागला नाय मंडळी, पण आमचा सदा रोज दोन वेळा लागायचा.

गेल्या आठवड्यात, त्या दुपारी, वहिनींनी दोरी ओढली. मी समोरच्या रस्त्यानं जात होतो, मी बघितलं. सदाचा हात वर गेला. उठला, आत गेला. जेवला. पुढचं तुमाला सांगितलंच.

आणि हे मला सुजातानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला घर माणसांनी भरलेलं, नि वहिनींचा हात आपसूक दोरीकडं गेला. ओढली त्यांनी. बाहेर वाजलं. आणि हात कोणीच वर केला नाय. कोणाला ठाऊकच नव्हतं.

म्हणून मी आज उभा राहिलोय. नायतर मला कुठं भाषण येतं?

वहिनी, ही दोरी घ्या. लाजू नका, सगळी आपलीच माणसं आहेत. घ्या, धरा.

मंडळी, सगळे उभे राहा. वहिनी दोरी ओढतील. ज्याला ऐकू येईल त्यानं हात वर करायचा. मागच्यांनी पण. जानकीबाई, तुमी पण. वाजायचं थांबलं तरी हात लगेच खाली घेऊ नका. तसेच वर ठेवून आपण सदासाठी दोन मिनिटं गप्प उभं राहू. वहिनींना ते सगळे हात नीट बघू द्या.

सदा, तुला जय भीम.

ओढा, वहिनी.