लाल झालेली पळी

आमचं लग्न पळीनं जमवलं, खरं सांगतो.

घनसावंगीला पोरगी पाहायला गेल्तो. बोलायला म्हणून दोघांना स्वयंपाकघरात बसवलं. तिच्या आईनं वरणाच्या फोडणीसाठी लोखंडी पळी गॅसवर ठेवली अन् "लक्ष दे गं," म्हणत त्या तेल आणायला गेल्या.

ती शाळेत विज्ञान शिकवते, मी जालन्याला सळईच्या कारखान्यात. तीच आधी म्हणाली, "ही पळी दोनशे ग्रॅमची. नऊ हजार ज्यूल उष्णता दिली तर तापमान किती वाढंल?"

"लोखंडाची विशिष्ट उष्णता साडेचारशे," मी म्हणालो. "म्हणजे या पळीला अंशामागं नव्वद ज्यूल. शंभर अंशांनी वाढंल."

"बराबर," ती हसली.

मंग दोघंही पळीकडंच बघत बसलो. पळी हळूहळू लाल होत गेली, दिवस मावळताना कापसाच्या रानावर आभाळ होतं तशी. कारखान्यात रोज लोखंड लाल होताना पाहतो, पण असं कधी पाह्यलं नव्हतं.

तेल घेऊन आई आल्या. "अगं, पळी वितळवून राह्यली का?"

बैठकीतून माझ्या वडिलांनी विचारलं, "काय झालं?"

ती तंद्रीतच म्हणाली, "गणित बराबर आलं. गॅस बंद करायचा राह्यला."

वडील तिथूनच म्हणाले, "मंग साखरपुड्याची तारीख काढा."