सुभाषभाऊंच्या खोलीतला पडदा

...नाही, पण एकाच कंप्युटरला दोन पडदे जोडायचे, आणि वर त्यानेच विचारायचं की बाई, कुठल्या पडद्यावर काय दाखवू, तेही नेमकं मी एकटी असताना... आता मला यातलं काय कळतं? मी नववीपर्यंत शिकलेली, मिक्सर अडला तरी वॉचमनला हाक मारते. पण समोरच्या घरात खुट्ट झालं की माझा पाय घरात ठरत नाही, हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे.

समोर कुमुद राहते. तिचे मिस्टर सुभाषभाऊ पनवेलातच एका छापखान्यात सव्वीस वर्षं प्रुफं तपासायचे. लग्नपत्रिका असो की उत्तरकार्याचं कार्ड, त्यांच्या नजरेतून साधा काना सुटायचा नाही. तीन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिले डोळे आणि डावा हात. कुमुद घरीच पत्रिका टाइप करायची, तर तिने काय केलं, भिंतीला भोक पाडून वायर आत नेली आणि भाऊंच्या खाटेसमोर दुसरा पडदा लावला. बाहेर हिने टाइप करायचं, आत त्यांनी वाचायचं, आणि चूक दिसली की खाटेच्या दांडीवर चमचा मारायचा. टण्. आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. मी म्हणायची, "भाऊ, माझी आमटीपण तपासा, मीठ कमी असलं तर वाजवा." अर्ध्या ओठाने हसायचे.

तर त्या दिवशी कुमुद म्हणते, "शकूवहिनी, अर्धा तास बसाल? मेडिकलमध्ये जाऊन येते. कंप्युटरला हात लावू नका हं." आता मला असं सांगायचं असतं का? पण खरंच सांगते, मी हात लावला नव्हता. त्याचं त्यानेच अपडेट का काय ते केलं, बंद झाला, चालू झाला, कुमुदचं उघडं होतं ते परत उघडलं, आणि भाऊंचा पडदा काळा. टण्. "येईल भाऊ." टण् टण् टण्. घशातून आवाज काढायला लागले, डोळ्यांतून पाणी... माझ्याने बघवेना. कुमुदच्या भावाला फोन लावला, शैलेशला, बेलपाड्याला. हे फुकटातलं सॉफ्टवेअर त्यानेच टाकलेलं, सगळं मराठीत.

"शैलेश, पडदा गेला."

"ताईला द्या."

"ताई नाही."

"मग येऊ द्या ताईला."

"अरे, भाऊ रडतायत."

तेव्हा कुठे बोलला. सेटिंगमध्ये जा, पडदे म्हणून आहे, दोन चौकोन दिसतील, दुसरा चालू करा, बाकी कशाला हात लावू नका. माझ्या हाताचं सगळ्यांना काय पडलंय, कळत नाही.

चालू केला. खाली ओळ, मुख्य पडदा कोणता? घरातले मुख्य कोण? भाऊ. भाऊंचा चौकोन दाबला. झालं. सगळी बटणं उठून आतल्या खोलीत. माउस बाहेर, बाण आत. मी माउस सरकवायची, आत पळायची, बाण कुठे पोचला बघायची, परत बाहेर... "भाऊ, वर आहे की खाली?" टण्. आता एक टण् म्हणजे वर की खाली, मला यातलं काय कळतं? शेवटी एका बटणावर नेम बसला, 'दोन्ही पडद्यांवर एकच दाखवा'. म्हटलं, पळापळ तरी थांबेल. शिवाय नवरा-बायकोला वेगवेगळं काय दाखवायचं?

आणि कुमुदच्या पडद्यावरचं सगळं भाऊंसमोर गेलं. पत्रिका नव्हतीच ती. इंग्रजी फॉर्म, कुठल्या तरी हॉस्पिटलचे, ओळीच्या ओळी. मी म्हटलं, "बघा भाऊ, आलं की नाही?" त्यांनी बघितलं. बघतच राहिले. मग चमचा चादरीवर ठेवून दिला.

कुमुद आली, दारातूनच तिने पडदा पाहिला, मला गॅलरीत नेलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. हळूच म्हणाली, "वहिनी, दीड वर्षात एक पत्रिका आलेली नाही. लोक मोबाइलवरच पाठवतात. मी पैशांसाठी हॉस्पिटलचे फॉर्म भरून देते, आणि ह्यांच्यापुढे जुन्या पत्रिका लावते. रोज सकाळी तीन-चार चुका घालून." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. उरणच्या कोमलची पत्रिका मी गेल्याच आठवड्यात भाऊंसमोर पाहिली होती. तिच्या लग्नात मी जेवून आलेय, तिचा मुलगा आता चालतो.

भाऊ दोन दिवस जेवले नाहीत. तोंड भिंतीकडे. मी शिरा नेला, मऊ भात नेला, "भाऊ, चूक माझी आहे" म्हटलं. चमचा हलला नाही.

तिसऱ्या दिवशी कुमुदने पडदे पुन्हा वेगळे केले आणि आत एक जुनी पत्रिका लावली. मी दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभी. तिचं सगळं लक्ष आतल्या खोलीकडे, चुका घालायच्या राहूनच गेल्या. अख्खी पत्रिका धड, मी दोनदा वाचली. भाऊंनी हळूहळू मान वळवली. पडद्याकडे बघितलं, मग बराच वेळ कुमुदच्या पाठीकडे. चमचा चाचपडला. टण्. थांबले. टण्. टण्.

कुमुद वळली नाही. म्हणाली, "हो, चुकलंच माझं. करते दुरुस्त." आणि एक अक्षर न बदलता फॉर्म भरत बसली. त्या दुपारी भाऊंनी वाटीभर पेज घेतली.

आता त्यांना कळलंय, त्यांना कळलंय हे तिलाही कळलंय, आणि दोघंही तसं दाखवत नाहीत. रोज टण् टण् चालू आहे. म्हणजे तोंड मिटून बसायचं कोणी, तर मी. आठवडा झाला, कुणाला काही बोलले नाही. तुम्ही सोडून.