करवतीचे दात

(करडी गाव, शनिवारची दुपार. टेकचंद मागावर बसलेला. भंडाऱ्याला डिझाइन सेंटरमध्ये नोकरी करणारी त्याची मुलगी राखी आठ दिवसांनी घरी आली आहे आणि चपलाही न काढता थेट मागापाशी गेली आहे. आई गोदावरीबाई दाराशी तांदूळ निवडते आहे.)

राखी : थांबा, थांबा बाबा. धोटा नका फेकू. हा मधातला रंग कोणता?

टेकचंद : कोन्ता मधातला?

राखी : हा फिका गुलाबी. इकडे मेहरून आहे, तिकडे कोसा रेशमाचा रंग आहे, अन् दोघाच्या मधात प्रत्येक दाताले हा तिसरा. हा कुठून आला?

टेकचंद : कागदावरून आला.

राखी : कागदावर दोनच रंग आहेत.

टेकचंद : तीन आहेत.

राखी : डिझाइन मी काढली ना बाबा. करवत काठी साडी आहे ही, काठावर करवतीचे दात. करवतीच्या दाताले दोनच रंग राहतात, मले माहीत नाही का?

गोदावरीबाई : चपला तर काढ वो आधी. आठ दिवसांनी घरी येते अन् सरळ मागावर चढते. पानी पे, मंग भांड.

राखी : आई, हा रंग कोणी केला?

गोदावरीबाई : मीच केला. मेहरून पातळ केला तर जांभळा झाला. दुसऱ्या खेपेले मातीवानी झाला. तिसऱ्या खेपेले तुह्या बाबानं मान हालवली. माही बोटं पाह्य, रंग अजून निघून नाही राहिला.

राखी : पन कायले केला?

टेकचंद : कागद खिळ्याले टांगला आहे. काढ अन् पाह्य. एक चौकोन म्हंजे एक सूत, हे तूच सांगतली होती. मेहरूनचे चौकोन संपले का फिक्याचा एक चौकोन, मंग कोशाचा. साऱ्या दाताले तसंच आहे. मी मोजून विणलो.

राखी : आहे खरं. पन थांबा, लॅपटॉप उघडते. ही पाहा माही फाइल. मोठी करून दाखवते. कुठं आहे गुलाबी?

टेकचंद : याच्यात नाही दिसत.

राखी : तेच तर सांगून राहिली!

टेकचंद : मंग कागदावर कसा?

राखी : कागदावर... अरे देवा.

गोदावरीबाई : काय झालं?

राखी : कागद मी या लॅपटॉपवरून नाही छापला. सेंटरवरच्या मोठ्या कॉम्प्युटरवरून छापला.

गोदावरीबाई : त्यानं काय होते? चित्र तर थेच ना?

राखी : चित्र तेच, सॉफ्टवेअर बी तेच, पन कॉम्प्युटर दुसऱ्या जातीचा. आपल्या लॅपटॉपवर तिरपी रेघ पायऱ्या-पायऱ्यावानी दिसते, खडबडीत. मले वाटे, जुना झाला, पडदा गेला याचा. अन् तिथं मोठ्यावर तेच दात इतके गुळगुळीत दिसले का मी पाहातच राहिली. तो कॉम्प्युटर काय करते, दोन रंगाच्या मधात आपला एक फिका रंग भरते. डोळ्याले धार चांगली वाटावी म्हणून. मी त्या पडद्याचंच चित्र घेतलं, मोठं केलं अन् छापलं. तो फिका रंगबी त्याच्यासंगं आला.

टेकचंद : म्हंजे ज्याच्यावर ओबडधोबड दिसत होतं, थेच खरं होतं?

राखी : हाव.

टेकचंद : अन् थे सुंदर?

राखी : ते नुसतं दाखवासाठी. विणासाठी नाही.

गोदावरीबाई : मले तर पहिल्याच दिवशी वाटलं, करवतीले हिरड्या फुटल्या म्हणून.

राखी : आई, हसू नोको. परवा सकाळी नागपूरले रिता मॅडमच्या दुकानात नमुना द्याचा आहे. पसंत पडला तर तीस साड्या. वर्षभर माग बंद पडत नाही. नाही पडला तर...

गोदावरीबाई : तर पहिल्या तारखेपासून तुहे बाबा तुमसरच्या राईस मिलवर चौकीदार. शिट्टी अन् दंडा. कैलाश सुतार मागाचं लाकूड पाहून बी गेला. दरवाजाची चौकट निघते म्हणे याच्यात.

टेकचंद : थे कायले सांगतं आता?

गोदावरीबाई : काहून, पोरीले माहीत नोको का?

राखी : कधी आला होता कैलाशकाका?

गोदावरीबाई : बुधवारी. टेप घेऊन आला होता. हे इकडं विणून राहिले अन् थो तिकडून मोजून राहिला.

राखी : बाबा, किती झालं विणून?

टेकचंद : पावणेदोन हात. दोन हात झाले का झालं. एरवी तीन धोट्यावर काम चालते, याले पाच लागले. मान उचलू देलं नाही या फिक्यानं.

राखी : उसवलं तर?

टेकचंद : विणाले जेवढे दिवस लागले, तेवढेच उसवाले लागतात. अन् कोसा आहे, बाई. उसवलेलं सूत फुलते. पुन्हा विणलं का नवं कापड म्हातारं दिसते.

राखी : थोडं बाजूले व्हा. मोबाइलवर फोटो काढते. पाहा. फोटोत तर काहीच कळून नाही राहिलं. उलट चांगलंच दिसते. मॅडमले आधी फोटोच पाठवते.

टेकचंद : अन् मॅडम फोटो नेसन का?

राखी : मंग काय करू मी? तुमीच सांगा! चाळीस वर्षं झाली तुमाले करवत विणता विणता. एकदाही मनात नाही आलं, का इथं तिसरा रंग कायचा?

गोदावरीबाई : आलं. पहिल्याच दिवशी आलं.

टेकचंद : तू चूप राह्य.

गोदावरीबाई : काहून चूप राहू? पहिला दात विणला अन् उठून उभे झाले. म्हणे, पोरगी चुकली. पुऱ्या दिवसात धोट्याले हात नाही लावला यायनं. जेवाले बसले तर भात तसाच.

राखी : मंग मले फोन काहून नाही केला? एक फोन, बाबा!

टेकचंद : लावलो होतो.

राखी : कधी?

टेकचंद : तू रविवारी गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी. दुपारून. म्हटलं, राखी, थे दाताच्या कडेले... तू म्हनली, बाबा, मी कामात आहे, कागदावर आहे तेच करा. अन् ठेवून देली.

राखी : मले वाटलं, तुमी पुन्हा काहीतरी बदलवाले पाहून राहिले.

टेकचंद : वाटणारच. दिवाळीले मी बदलवलोच होतो ना. सात सुताचा दात मले ठेंगणा वाटला, तर नऊचा केलो. मॅडमनं नमुना वापस केला. अन् तू ओट्यावर, शेजारचा भैय्याजी बसला होता, त्याच्या देखत...

राखी : बाबा, नका सांगू.

टेकचंद : सांगू दे. आठ दिवस याच मागावर बसून आठवलो मी थे. तू म्हनली, तुमी फक्त हात चालवा, डोकं मी चालवते.

राखी : मी रागात होती.

टेकचंद : रागात होती, पन खोटी नाही होती. नमुना माह्याच्यानंच वापस आला होता. म्हणून या खेपेले ठरवलो, कागदाचंच ऐकाचं. म्हटलं, नवी फॅशन असन. कॉम्प्युटरले दिसते थे आपल्याले कुठं दिसते? म्हटलं, आपलेच डोळे जुने झाले.

गोदावरीबाई : रडू नोको, राखी. ए राखी. रडून सूत जुळत नाही.

राखी : मले लाज वाटून राहिली, आई. भैय्याजीकाका तवा खाली पाहून बसले होते. मले दिसलं होतं, तरी मी बोलतच राहिली.

टेकचंद : जाऊ दे थे. मॅडमले फोन लाव. दोन दिवस मागून पाह्य.

राखी : लावते. हॅलो, मॅडम, मी करडीहून राखी बोलतेय. नमुन्याचं विचारायचं होतं, थोडी चूक झाली आहे... नाही, विणणाऱ्याची नाही. बुधवारपर्यंत वेळ मिळेल का?... हो. हो, समजलं... नाही मॅडम, नाराज कशाला. सोमवारी दुकान उघडायच्या आधी पोचते.

टेकचंद : काय म्हनली?

राखी : सोमवार म्हणजे सोमवार. अकरा वाजता दुसरे विणकर येणार आहेत, त्यांचा बी नमुना आहे. दोघांचे ठेवून एक निवडणार.

गोदावरीबाई : मंग?

टेकचंद : दोन हात तर नाही होत. आजचा उजेड अन् उद्याचा पुरा दिवस. तीन धोट्यानं वीतभर होईन. चार बोटं ताणा मोकळा सोडतो अन् पुढं नव्यानं धरतो.

राखी : वीतभर नमुन्यात काय दिसते, बाबा?

टेकचंद : दात दिसतात. साफ असले तर वीतभरात बी दिसतात.

गोदावरीबाई : मी धोट्याच्या कांड्या भरते. गुलाबीचा बुडकुला आधी मोरीत ओतते.

राखी : मी चौकातून नवा कागद छापून आणते. या लॅपटॉपवरून. अर्ध्या घंट्यात येते.

टेकचंद : कागद कायले? सात सूत चढ, सात सूत उतार, मधात एक मोकळं. तुहीच डिझाइन आहे, पाठ झाली मले.

राखी : नऊचा करा, बाबा. तुमाले नऊचा चांगला वाटते तर नऊचा करा.

टेकचंद : नाही. मॅडमनं सातचा पसंत केला आहे. अन् खरं सांगू, या सुतावर सातच शोभते. दिवाळीले मी जिद्दीवर होतो.

राखी : सोमवारी त्या विचारतील, आठ दिवसांत वीतभरच काहून.

टेकचंद : सांगजो खरं थे. सांगजो, बापाले चूक दिसत होती, पन थो बोलला नाही.

राखी : तसं नाही सांगणार मी.

टेकचंद : मंग काय सांगशीन?

राखी : बापाले दिसत होती. मी बोलू देलं नाही.