देशी मांगूर आणि वच्छलाबाईंचा अंगठा

आजच्या समारंभाचे आणि आपल्या मच्छीमार संस्थेचेही अध्यक्ष आदरणीय लटारूभाऊ, ज्यांच्या टेम्पोतून आपली मासळी गडचिरोलीच्या बाजारात पोचते ते प्रमुख पाहुणे नवाबभाई, सत्कारमूर्ती वच्छलाबाई, त्यांना न्यायला ऊर्जानगरहून आलेल्या त्यांच्या कन्या करिष्माताई, आणि या तलावाच्या पाळीवर वाढलेल्या बंधुभगिनींनो,

बाई उद्या लेकीकडे राहायला जाणार. क्वार्टरमध्ये नळाला भरपूर पाणी आहे म्हणतात. हात घालायला तलाव मात्र नाही.

मी सातवी शिकलो. माशांबद्दल जे कळलं ते पुस्तकं मिळवून, मासे चिरून, मोजून. त्याचा मला अभिमान आहे. खोटा विनय मला जमत नाही. म्हणूनच ही गोष्ट मीच सांगायला हवी.

एकोणीस वर्षांपूर्वी याच मंचावर मला शाल मिळाली. कशाबद्दल? झपाट्याने वाढणाऱ्या मांगूर माशाचं बी बाहेरून आणून तलावात सोडल्याबद्दल. शालीला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्या बाईंनी मंचावरच्या टोपलीतला तो मासा उचलला, त्याच्या टाळूमागे अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "हा आपला नाई, मुखरू. डोकं पाह्य याचं."

मी हसलो. "बाई, मांगूर तो मांगूरच."

"तुले पुस्तक समजते, मासा नाई."

बाईंचं खरं होतं. देशी मांगुराच्या टाळूचं हाड मागे एकाच गोलसर टोकात संपतं. या आफ्रिकी पाहुण्याला तीन टोकं. पाहुणा घरचं सगळं खाऊन बसला. आधी बेडूक, मग बारीक मासोळी, मग काठच्या पाण्यात वाढणाऱ्या देवधान गवतातली पाणकोंबडीची पिल्लं. शेवटी आपला मांगूर. हे मी वहीत नीट लिहीत गेलो. लिहिण्याने काय परत येतं?

मग सलग आठ उन्हाळे, पाणी उतरलं की, बाईंनी आपल्या सगळ्यांना चिखलात उभं करून तो आफ्रिकी पाहुणा एकेक करून बाहेर काढवला. नवाबभाई, तुम्ही तेव्हा थट्टेनं विचारायचात, "बाई, आज कितने मेहमान निकाले?" बाई म्हणायच्या, "मेहमान गेले, घरवाला कुठी हाय ते सांग."

गेल्या मंगळवारी, धानाची रोवणी उरकल्यावर, बाई देवधानात कंबरभर पाण्यात उतरल्या. मी काठावर. अचानक त्या थांबल्या. पाण्याखाली अंगठा फिरत होता, चेहऱ्यावरून कळत होतं. मग दोन्ही हात रिकामे वर आले.

"हाय रे, मुखरू. आपलीच हाय."

"मग सोडली काऊन बाई?"

"पोटात अंडी होती. तुले दाखवाले मारू का?"

माझा नियम तुम्हाला ठाऊक आहे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत नोंद नाही. चार दिवस मी रोज पहाटे तिथेच पाण्यात हात घालतोय. अजून लागली नाही. पण एकदा त्या अंगठ्यावर विश्वास ठेवला नाही, तेव्हा तलाव गेला होता.

आज सकाळी मी लिहिलं: 'मांगूर, देशी, एक मादी, अंड्यांसह.' 'कोणी पाहिली' या रकान्यात मात्र खोटं कसं लिहू? तो रकाना खोडला आणि लिहिलं, 'वच्छलाबाईंच्या अंगठ्याने ओळखली.'

बाई, रिकाम्या हातांनी जात नाही आहात तुम्ही. पण पहाटे पाण्यात उतरल्यावर, हाताला लागली तरी ती आपलीच का, हे मी विचारू कुणाला?

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलं, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. एकोणीस वर्षांपूर्वीची चूक मात्र माझ्याच नावावर राहू द्या.